वर्षाच्या आत

तेरवीचं जेवण आटोपलं की ते हात धुवायचे, खांद्यावरच्या दुपट्ट्याला पुसायचे, ओट्यावर बसून सुपारीचं खांड तोंडात टाकायचे आणि घरातल्या कर्त्या माणसाला हळूच विचारायचे, "लग्नाचं कोन हाये जी घरात?"

तुम्ही आमच्या भागातले असाल तर या प्रश्नाचा अर्थ सांगायला नको. बाहेरचे असाल तर सांगते. घरातलं मोठं माणूस गेलं, की त्या घरातलं लग्न वर्षाच्या आत उरकायचं, नाहीतर तीन वर्षं उलटेपर्यंत थांबायचं, अशी रीत आहे. कुठल्या पोथीत लिहिली आहे हे मी पुष्कळांना विचारलं. कुणी पान काढून दाखवलं नाही. पण पाळतात सगळे. आणि आमच्या आंधळगावच्या आसपासच्या पाच-सात गावांत ती पाळली जाते की नाही, हे बघायचं काम या माणसानं आपणहून अंगावर घेतलं होतं.

त्यांचं नाव मी लिहिणार नाही. सून आणि नातवंडं अजून त्या गावात राहतात आणि त्यांच्याशी माझं भांडण नाही. आम्ही सगळे त्यांना काकाजी म्हणायचो. आमच्या भिंतीला त्यांची भिंत होती.

काकाजी डाक वाटायचे. सायकलवर पत्रांची थैली, हँडलला पिशवी आणि पिशवीत पंचांग. कोणाचा मुलगा कुठं नोकरीला लागला, कोणाच्या बहिणीनं काय लिहिलं, हे घरच्यांच्या आधी त्यांना कळायचं, कारण अर्ध्या घरांत पत्र वाचून दाखवणारेही तेच होते. सोयरिकी जुळवायला आणखी काय लागतं? मंगळवारी मारुतीच्या देवळात भजन, श्रावणात घरोघर पोथी. आवाज गोड होता. पोथी वाचता वाचता थांबायचे आणि बायकांकडे बघून म्हणायचे, "कन्यादानाएवढं पुण्य कशातच नाई, माय." बायका मान हलवायच्या. दान द्यायची ती कन्या तिथेच कोपऱ्यात वाती वळत बसलेली असायची.

सोयरिकीबद्दल त्यांनी कधी कुणाकडून काही घेतलं नाही. लग्नात एक दुपट्टा आणि पोटभर जेवण, बस. तुम्हाला वाटेल, मग राग कशाचा? मलाही कधीकधी वाटतं की माणूस लबाड असता तर बरं झालं असतं. लबाड माणसाशी कसं बोलायचं हे मला येतं. माझा धंदाच तो आहे.

माझे बाबा धान कापणीच्या दिवसांत तापानं गेले. मी चौदा वर्षांची होते, नववीत. तेरवीला काकाजी जेवले, हात पुसले, ओट्यावर बसले. आईनं मला गुंड, म्हणजे पाण्याचं भांडं, घेऊन विहिरीवर पाठवलं. मी दाराबाहेर थांबले आणि ऐकलं.

आई म्हणाली, "पोट्टी नववीत हाये, काकाजी."

"नववीत हाये म्हनूनच सांगून राहिलो. बारावीत गेली त् तिच्याजोगा पोरगा कुठून आनशील?"

"अजून लहान हाये जी."

"वरीसाच्या आत उरकून टाक, बाई. पोरीच्या अंगाले हळद लागल्याबिगर बापाचा जीव वर जात नाई. तो इथंच घुटमळून राहिला असंन."

 त्यावर आई बोलणार काय? तेरा दिवसांची विधवा. नवऱ्याचा जीव अंगणात घुटमळतो आहे असं सांगितल्यावर कुठली बाई म्हणेल की घुटमळू दे, माझ्या मुलीची दहावी होऊ दे? मी पाणी भरून आणलं. दोन महिन्यांत मुलगा ठरला. वर्ष भरायला सोळा दिवस असताना माझं लग्न लागलं. मांडवात सगळ्यात जास्त खूश काकाजी होते. तिथीत बसलं म्हणून.

नवरा भांड्यांची फेरी करायचा. माझ्यापेक्षा अकरा वर्षांनी मोठा. माणूस भला आहे, आजही आहे. पण मला तेव्हा भला माणूस नको होता. मला दहावी हवी होती.

आता पुढची गोष्ट मी फार जणांना सांगितलेली नाही.

सोळाव्या वर्षी मला पहिलं बाळंतपण आलं. सासरचं गाव काकाजींच्या डाकेच्या वाटेवरच होतं. नवरा बाजाराला गेला होता, घरात सासू आणि सुईण. मुलगी झाली. रडली नाही. सुईणीनं पुष्कळ केलं, मग हात खाली ठेवले. सासू बाहेर अंगणात जाऊन बसली. तेवढ्यात सायकलची घंटी वाजली. काकाजी एक पोस्टकार्ड घेऊन आले होते.

त्यांनी काही विचारलं नाही. खांद्यावरचा दुपट्टा काढला, त्यात तिला गुंडाळलं आणि बोडीच्या पारीवर नेऊन माती दिली. आमच्याकडे गावच्या लहान तळ्याला बोडी म्हणतात, आणि पारी म्हणजे तिचा बांध. परत आले, हात धुतले. पुसायला खांद्यावर काही नव्हतं, म्हणून तसेच ओल्या हातांनी माझ्या खाटेजवळ खाली बसले. तासभर बसले.  मग उठले आणि राहिलेली डाक वाटायला गेले.

म्हणून म्हणते, माणूस लबाड असता तर सोपं झालं असतं.

दोन वर्षांनी मी नवऱ्याबरोबर बाजारात बसायला लागले. तो मुखदुर्बळ. गिऱ्हाईक म्हणेल त्या भावाला हो म्हणायचा. मी एकदा त्याला बाजूला सारलं आणि स्वतः भाव सांगितला. तो दिवस आणि आजचा दिवस. पण तेव्हा समाजातल्या लोकांनी तोंडं वाकडी केली. सून बाजारात ओरडते, पदर सरकतो, वगैरे. आंधळगावच्या बाजारात जमिनीवर अंथरलेल्या आमच्या दरीजवळ बाया यायच्या आणि मला बघून पुढच्या दुकानाला जायच्या.

एका बाजाराच्या दिवशी काकाजी आले. सायकल लावली, दरीसमोर उकिडवे बसले, एक लोटा उचलला, बोटाच्या पेरानं वाजवला आणि सगळ्या बाजाराला ऐकू जाईल असं म्हणाले, "आवाज सच्चा हाये. भाव बोल, बाई."

मी बोलले.

"लुटून राहिली काय मले?"

"परवडत नसंन त् मातीचा घ्या, काकाजी."

अर्धा तास आम्ही त्या लोट्यावर भांडलो. भोवती माणसं जमली. बाया हसायला लागल्या, एकीनं परात उचलून बघितली, दुसरीनं डबा. काकाजींनी लोटा घेतलाच नाही. पुढच्या बाजारी पुन्हा आले, तोच लोटा, तेच भांडण. तिसऱ्या बाजारी माझ्याकडे गर्दी होती तेव्हा ते लांबून बघून गेले. तो लोटा त्यांना कधीच घ्यायचा नव्हता.

भंडाऱ्यात आज माझं पितळेच्या भांड्यांचं दुकान आहे. लग्नाच्या आंदणाची भांडी घ्यायला मोहाडीपासून पवनीपर्यंतची माणसं येतात. भाव करायला मी कडक आहे आणि तोंडानं फटकळ आहे, हे ऐकूनच येतात. या दुकानात काकाजी आले की चहा प्यायचे, भांडी वाजवून बघायचे, आणि मी दर खेपेला तोच विषय काढायचे.

"काकाजी, एकदा म्हना. माझ्या लग्नाची घाई केली, चुकलं."

"तुझं वाईट कुठं झालं, बाई? दुकान हाये, मानूस हाये, दोन लेकरं हायेत."

"मी ते नाई इचारलं."

"मंग काय इचारलं?"

आणि चहाची बशी तोंडाला लावायचे. बशी संपेपर्यंत उत्तर नाही. संपल्यावर तर नाहीच.

इथवरही मी सोसलं असतं. पण हळूहळू माझ्या कानावर यायला लागलं की काकाजी तेरवीच्या ओट्यावर माझं नाव घेतात. एखादी आई म्हणाली, पोरगी लहान आहे, की हे म्हणायचे, "भंडाऱ्याची ती पितळवाली पाहिली काय? चौदाव्या वर्सी लावून देलं मी तिचं. आज पाहा कशी उभी हाये." म्हणजे मी पंचवीस वर्षं उन्हातान्हात घसा फोडून जे उभं केलं, ते यांच्या हातात दाखला म्हणून होतं. माझ्याच जिवावर दुसऱ्यांच्या मुली मांडवात चढत होत्या. तुम्ही सांगा, कोणाचं डोकं शांत राहील?

मी ऐकीव गोष्टीवर भांडत नाही. वाट बघत होते. गेल्या उन्हाळ्याच्या तोंडी ती वेळ दुकानात चालून आली.

काकाजी एका घरच्यांना घेऊन आले. आई, मुलीचा चुलता आणि मुलगी. मुलीचे वडील जाऊन सात महिने झालेले. मला सगळं न सांगता कळलं. चुलत्यानं पोतं ओतलं. जुनी भांडी देऊन नवी घेतात, त्या जुन्या भांड्यांना आम्ही मोड म्हणतो. फुटक्या बुडाचा गंज, चेपलेला डबा, दोन पराती, आणि त्यांच्यामधून घरंगळत आलेली एक लहानशी वाटी.

मोड तोलायच्या आधी मी भांड्यावर घातलेलं नाव वाचते. सवय आहे. वाटीवर लिहिलं होतं, मयुरीच्या बारशानिमित्त, आजीकडून. खाली तारीख आणि साल.

"ते मोडीत नका टाकू जी," मुलगी म्हणाली. "माझी हाये."

"नवीन भेटून राहिले ना ढीगभर," चुलता म्हणाला.

मी बोटांवर हिशेब केला. पंधरा पुरी होऊन सोळावं लागलेलं. वाटी हातात धरूनच मी विचारलं, "काकाजी, पोरगी केवढी हाये?"

"लग्नाएवढी हाये."

"साल सांगा."

चुलता मध्ये पडला. "अठरा झाले. आधार कार्ड हाये, दाखवू काय?"

"कार्ड ठेवा खिशात. हेही कार्डच हाये, अन् हे बदलून भेटत नाई." मी वाटी त्याच्यासमोर धरली. "या लग्नाचं आंदण माझ्या दुकानातून जानार नाई."

"भंडाऱ्यात दुकानं काय कमी हायेत?"

"जा ना मंग. बाजूचा काही वाचून पाहानार नाई."

तेव्हा काकाजी उठले. त्यांना वाटलं, नेहमीसारखा माझा पारा चढला आहे, आपण सांभाळून घेऊ. मुलीच्या आईजवळ जाऊन समजुतीनं म्हणाले, "बाईचं डोकं गरम हाये, पन मनानं चांगली हाये. हिचंच पाहा ना. चौदाव्या वर्सी मीच लावून देलं. आज कशी उभी हाये, पाहून राहिली ना तू?"

माझ्याच दुकानात. माझ्याच तोंडावर.

"पूर्ण सांगा ना, काकाजी," मी म्हणाले. "अर्धं काहून सांगता? सोळाव्या वर्सी तुमच्या दुपट्ट्यात काय नेलं होतं, तेही सांगा."

त्यांचा हात खांद्याकडे गेला आणि तिथेच थांबला. मुलीची आई माझ्याकडे, मग त्यांच्याकडे बघायला लागली. "काय नेलं होतं जी?"

 मग मी सांगितलं. भर दुपारी, दोन गिऱ्हाइकं उभी असताना, माझ्या मुलीबद्दल मी पहिल्यांदा मोठ्यानं बोलले. तीन वाक्यांत संपलं. ती आई ऐकता ऐकता आपल्या मुलीजवळ सरकली, एवढं मी बघितलं.

आणि मग मी ओरडणं बंद केलं. सौदा करताना ओरडणं वेगळं आणि सौदा वेगळा, हे मला कळतं.

"काकाजी, रीत तुमचीच. वरीसाच्या आत, नाई त् तीन वर्सं. बरोबर? तुम्ही पयलं अर्धं सांगता अन् दुसरं गिळता. हिचा बाप गेला तवा ही पंधराची होती. तीन वर्सं थांबा. अठरा भरतात. तुमचं शास्त्र राहते, सरकारचा कायदा राहते, हिच्या मायचीही लाज राहते. ह्याच्यात तोटा कोनाचा हाये, सांगा."

"पोराकडचे थांबनार नाईत," चुलता म्हणाला.

"मंग पोरीत काही कमी नाई, पोराकडच्यायतच हाये."

 मी वाटी गल्ल्यात ठेवली आणि कुलूप लावलं. "हे माझ्याजवळ राहीन. मांडव पडला असं ऐकलं, त् ग्रामसेवकाच्या टेबलावर नेऊन ठेवीन. मंग मांडववाला, भटजी, अक्षता टाकनारे, सगळेच जातीन कचेरीत. काकाजी, तुमचंही नाव सांगीन. मले वाईट वाटंन, पन सांगीन."

चुलत्यानं मोड पोत्यात भरली. जाताना तोंडातल्या तोंडात मला काहीतरी म्हणाला, ते मी इथं लिहीत नाही. मुलगी दारातून मागे वळून गल्ल्याकडे बघत गेली. काकाजी सगळ्यांत शेवटी निघाले. मला वाटलं, काही म्हणतील. पायरी उतरताना त्यांनी कठड्याला धरलं. तेवढंच.

आठ दिवस मी कान टवकारून होते. नवव्या दिवशी मुलीची आई आली, सोबत मुलगी.

"काकाजी घरी आले होते," ती म्हणाली. "दुसऱ्याच दिवशी. पंचांग पुन्हा उघडलं म्हने, यंदा योग बरा नाई, तीन वर्सं थांबनंच चांगलं. भासऱ्याले, हिच्या चुलत्याले, राग आला. पन काकाजीयनं सांगितल्यावर कोन काय बोलंन?"

"माझं नाव काढलं?"

"नाई जी."

"दुकानात जे झालं, त्याचं काही?"

"काहीच नाई. चहाही नाई पेले."

मी गल्ला उघडला आणि वाटी मुलीच्या हातात दिली. तिनं ओढणीच्या टोकाला पुसली आणि दप्तरात टाकली. दहावीचे पेपर नुकतेच झाले होते. गणिताचा बरा गेला, म्हणाली. त्या दोघी गेल्या आणि मला आनंद व्हायला हवा होता. झालाही, घटकाभर. मग जो राग आला, तो अजून उतरलेला नाही.

कारण बघा. एका फेरीत काम झालं. ना कायदा लागला, ना ग्रामसेवक. पिशवीतून पंचांग काढलं, चार शब्द बोलले, आणि चुलत्यासारखा चुलता गप्प बसला. एवढी ताकद त्यांच्या जिभेत होती आणि कायम होती. माझे बाबा गेले त्या दिवशीही होती. तीन वर्षं थांबा, असं त्यांनी माझ्या आईला सांगितलं असतं तर तिनं तेही मुकाट्यानं ऐकलं असतं. मी सतरा वर्षांची झाले असते. दहावी झाली असती. दुसरं अर्धं त्यांना तेव्हाही पाठ होतं. त्यांनी ते काढलं नाही, कारण पहिल्या अर्ध्यात लग्न होतं आणि लग्न लावलं की पुण्य मिळतं.

आणि दुसऱ्याच्या मुलीसाठी फिरले तेही माझ्यासमोर नाही. माझ्यासमोर फिरले असते, तर माझ्या वेळचं चुकलं असं कबूल केल्यासारखं झालं असतं. एवढा हिशेब त्यांना येत होता.

त्यानंतर ते दुकानात आले नाहीत. भंडाऱ्याला यायचे, असं कळायचं. एकदा मी त्यांना समोरच्या फुटपाथनं जाताना बघितलं, मान खाली घालून. मी हाक मारली नाही. माझाही हट्ट कमी नाही. चहाच्या वेळी मात्र नजर पायरीकडे जायची, हे खोटं कशाला सांगू.

गेल्या कापणीच्या दिवसांत ते गेले. झोपेतच गेले, सून म्हणाली. मी जाऊन आले, घरच्यांना भेटले.

पण मला ते आठवतात त्याच्या पंधरा-वीस दिवस आधीचे. मी माल सोडवायला एसटी स्टँडवर गेले होते. बाकावर काकाजी, मोहाडीच्या गाडीची वाट बघत. वाळले होते. मी बाजूला जाऊन बसले. बराच वेळ आम्ही दोघं समोरच्या गाड्यांच्या पाट्या वाचत होतो.

"मयुरी अकरावीत हाये," मी म्हणाले.

"मालूम हाये."

"बरं केलं तुम्ही."

त्यांनी मान हलवली. मला वाटलं, आता. मी आवाज खाली आणला, एवढा की गिऱ्हाइकाशीही कधी आणत नाही. "काकाजी, आता माझंही एकदा म्हना."

 गाडी लागली. ते उठले, दाराच्या दांडीला धरून एक पाय पायरीवर ठेवला आणि मागे वळून म्हणाले, "तवा तू नाई म्हनली असती, त् मी थांबलो असतो, बाई."

मागून माणसं चढायला लागली. ते आत गेले, खिडकीजवळ बसले. गाडी सुरू झाली, धुराचा लोट आला. मी बाकावरून उठून खिडकीच्या बाजूनं चालायला लागले आणि बाजारात कधी ओरडले नसेन एवढ्या मोठ्यानं ओरडले, "मले इचारलं कोनं होतं?"

त्यांनी खिडकीतून कानामागे हात धरला आणि माझ्याकडे वाकून बघितलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्यावर, मी काय म्हणते आहे ते खरंच ऐकायचं आहे, असं दिसत होतं. गाडी वळली.